पक्षाघातानंतरचा ‘वात’ : एका डॉक्टरची कबुली

स्मरणिकेच्या संपादकांनी लेखासाठी ‘व्यवसायातील एक संस्मरणीय अनुभव’ असा विषय सुचविला. पस्तीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात सांगण्यासारखे यशाचे प्रसंग अगदीच नाहीत असे नाही. परंतु ज्या प्रसंगाने मला सर्वांत अधिक शिकविले तो यशाचा नसून चुकीचा आहे, आणि ती चूक माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडली. आत्या आज हयात नाही. मात्र ‘लिही की! लपवायचं काय त्यात?’ अशी तिची परवानगी मी तिच्या हयातीतच घेऊन ठेवली होती. म्हणून हे धाडस.

२०१७ सालचा जानेवारी महिना. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. आत्या तेव्हा ७९ वर्षांची. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात आणि ही बडोद्याला दांडिया बाजारातील जुन्या घरात एकटी. म्हणजे आपल्या समाजातील पुष्कळशा वडीलधाऱ्या मंडळींसारखीच. सकाळी सातच्या सुमारास शेजारच्या गुजराती बाई तिच्याशी बोलत असताना आत्याच्या डाव्या हातातील कपबशी गळून पडली आणि तोंड एका बाजूला ओढले गेले. त्या बाईंनी घड्याळ पाहिले आणि मला फोन केला. पक्षाघात नेमका किती वाजता सुरू झाला, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे बरेचसे उपचार अवलंबून असतात. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेज हे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि जितके लवकर द्यावे तितका लाभ अधिक. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री करून आत्याला ते एक तास पन्नास मिनिटांत मिळाले. संध्याकाळी तिने तोच डावा हात उचलून माझा कान धरला! आम्ही सारे आनंदात घरी परतलो.

एक लहानशी गोष्ट मात्र येथेच नमूद करतो. सकाळी तिला तपासणीच्या टेबलावर घेताना परिचारिकेने तिचा चष्मा, कानातील श्रवणयंत्र आणि दातांची कवळी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिली होती. ती पिशवी मी गाडीच्या डिकीत ठेवली आणि विसरून गेलो.

दुसऱ्या रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागातून निवासी डॉक्टरांचा फोन आला. “सर, माजी फार आरडाओरडा करताहेत. सलाईन ओढून काढलं, पलंगावरून उतरायला बघताहेत.” मागून आत्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. “विश्वामित्री चढली रे! पलंगाखाली मगर आहे. मला माडीवर न्या!” विश्वामित्रीला पूर आला की मगरी वस्तीत शिरतात हे बडोदेकरांना नव्याने सांगायला नको, २०१९ आणि २०२४ च्या पुरांतही ते सर्वांनी पाहिले. पण ती जानेवारीतील कोरडी रात्र होती.

मी पुन्हा स्कॅन करण्यास सांगितले. ते योग्यच होते, कारण गुठळी विरघळविणाऱ्या औषधानंतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. स्कॅन स्वच्छ निघाला. त्यानंतर मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते. “वय झालंय, होतं असं. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन द्या आणि हात बांधून ठेवा, नाहीतर पडतील.” मी वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ, शिवाय रुग्णाचा नातेवाईक. त्या तरुण डॉक्टराने माझे ऐकले. घरापासून रुग्णालय पंधरा मिनिटांच्या अंतरावर होते. मी उठून गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या अगदी शांत पडून होती. ‘आज छान आहेत’ असे सर्वांचे मत पडले, त्यात माझेही. दुपारी माझी पत्नी आली. ती डॉक्टर नाही. तीस वर्षे शाळेत शिकविलेली बाई आहे. पलंगाशी थोडा वेळ उभी राहून ती म्हणाली, “ह्या शांत नाहीत हो. ह्या इथे नाहीतच.”

मला थोडा रागच आला. तिला दाखवून देण्यासाठी मी आत्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हटले, “आत्या, फाल्गुनापासून उलटे महिने म्हण बघू.” आत्याने डोळे किलकिले केले. “फाल्गुन... माघ... पौष...” आणि मग, “तीळगुळाचा डबा कुठं ठेवलाय ग?” एवढे बोलून ती पुन्हा ग्लानीत गेली. पौषावरून संक्रांत, संक्रांतीवरून तीळगूळ आणि तेथून कोठेच नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा विसावा नव्हता. रात्रीचाच आजार दुसऱ्या रूपाने चालू होता.

वात, भ्रम आणि डेलिरियम

आपल्या घरांतून याला ‘वात होणे’ म्हणतात. तापाच्या भरात माणूस बरळू लागला की ‘वातात बडबडतो आहे’ असे आजी-आजोबा म्हणत. जुन्या वैद्यांच्या तोंडी सन्निपात हा शब्द असे. इंग्रजी वैद्यकातील डेलिरियम या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्यातील ‘लिरा’ म्हणजे नांगराचे तास. तास सोडून भरकटणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. शेतकऱ्याला याहून नेमके वर्णन सुचणार नाही. या विकारात पहिला घाव स्मरणशक्तीवर किंवा बुद्धीवर पडत नाही. तो अवधानावर पडतो. मन एका तासात चालत नाही. आत्याच्या महिन्यांचे झाले ते हेच.

हा विकार काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि बहुधा रात्री बळावतो. म्हणूनच तो स्मृतिभ्रंशाहून वेगळा आहे. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने चोरपावलांनी येतो. काल दुपारपर्यंत नातवंडांची नावे घेणारी व्यक्ती आज ओळखत नसेल, तर तिला ‘म्हातारचळ’ लागलेला नाही. तिच्या मेंदूला काहीतरी सोसेनासे झाले आहे आणि ते शोधणे हे आपले काम आहे.

पक्षाघाताच्या पहिल्या काही दिवसांत हा विकार साधारणतः चार रुग्णांपैकी एकाला होतो. उतारवय, आधीपासूनचा विसराळूपणा, मोठा पक्षाघात, जंतुसंसर्ग, दृष्टी किंवा श्रवण मंद असणे ही कारणे असली की धोका वाढतो. उजव्या बाजूच्या मेंदूला इजा झालेल्यांत तो अधिक आढळतो असे काही अभ्यास सांगतात. आत्याचा डावा हात गेला होता, म्हणजे इजा उजवीकडेच होती. ज्यांना हा विकार होतो त्यांचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो, मृत्यूचे प्रमाण वाढते आणि पुढे बौद्धिक क्षमता घटण्याचा संभवही अधिक असतो. तेव्हा ‘होतं असं’ म्हणून सोडून देण्याजोगी ही बाब खचित नव्हे.

याची दोन रूपे आहेत. एकात रुग्ण ओरडतो, नळ्या उपसतो, नसलेले पाहतो. दुसऱ्यात तो गप्प, सुस्त, निमूट पडून राहतो. पहिल्या रूपासाठी रात्री दोनला फोन येतो. दुसऱ्यासाठी कोणीच फोन करीत नाही, उलट सर्वांना बरे वाटते. कित्येकदा एकाच रुग्णात ही दोन्ही रूपे आलटून पालटून दिसतात. आत्याच्या बाबतीत माझ्या इंजेक्शनाने पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर केले, इतकेच.

मगर कोठून आली?

त्या दुपारी पत्नी आत्याचे अंग पुसत असता तिच्या लक्षात आले की बेंबीखाली पोट टणक लागते आहे. लंगोट ओला होत होता, त्यामुळे लघवी होते आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते. वास्तविक तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून ते पाझरत होते. कॅथेटर घातला तेव्हा नऊशे मिलिलिटर लघवी निघाली. प्रोमेथाझिनसारखी औषधे लघवी अडवितात आणि मेंदूतील ॲसिटिलकोलिनचे कार्य रोखून भ्रमही वाढवितात. हे मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकविले होते. रात्री दोन वाजता, स्वतःच्या आत्यासाठी, मला ते आठवले नाही.

मग मी एखाद्या अनोळखी रुग्णाप्रमाणे तिचा कागद पहिल्यापासून वाचला. अल्टेप्लेज दिल्यावर रक्तदाब पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि त्यानंतर चोवीस तास पुरे होईपर्यंत दर तासाला मोजावा लागतो. हिशेब केल्यास पहिल्या दिवसरात्रीत छत्तीस वेळा. ते आवश्यकच असते. रक्तदाब वर गेला तर रक्तस्रावाची भीती. परंतु ७९ वर्षांच्या बाईला त्या रात्री सलग तासभरही झोप मिळाली नव्हती. दिवे अहोरात्र जळत होते. खिडकी नव्हती, त्यामुळे दिवस की रात्र हे कळायला मार्ग नव्हता. चष्मा नाही, श्रवणयंत्र नाही. परिचारिका प्रेमळ होत्या, पण कोणी केरळची तर कोणी सौराष्ट्रातील. त्या हिंदीत किंवा गुजरातीत विचारत आणि आत्याला शब्दच ऐकू येत नसत.

मी तिच्या उशाशी बसून डोळे अर्धवट मिटून घेतले, तेव्हा पुराचाही उलगडा झाला. ऑक्सिजनच्या बाटलीतील पाणी कानाशी अखंड बुडबुडत होते. अंगाखाली हवेची गादी होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात. खालून काहीतरी संथपणे सरकत असल्यासारखे ते जाणवते. चष्म्याविना, झोपेविना, जायबंदी मेंदूने त्याची संगती लावली. ती बडोद्याच्या माणसाने लावावी तशीच लावली. आत्या असंबद्ध बोलत नव्हती. हाती आलेल्या तुटपुंज्या पुराव्यावरून ती निष्कर्ष काढीत होती.

डॉक्टर बंधुभगिनींसाठी

ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. डॉ. शॅरन इनौये यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेली ‘कॅम’ ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. त्याहून सोपी ‘फोर-ए-टी’ ही चाचणी दोन मिनिटांत होते. जागरूकता पाहणे, वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारणे, महिने उलटे म्हणावयास सांगणे, आणि ही अवस्था अचानक आली का, कमी-जास्त होते का याची घरच्यांकडे चौकशी करणे. चार किंवा अधिक गुण आल्यास डेलिरियमचा संशय धरावा. आपल्याकडील ज्येष्ठांसाठी माझी एक पुस्ती : ‘डिसेंबर, नोव्हेंबर’ जमत नसेल तर ‘फाल्गुन, माघ’ विचारून पाहावे. अनेक आजींना नेमकी जन्मतारीख ठाऊक नसते. तो त्यांचा रोग नव्हे. आणि प्रश्न रुग्णाच्या भाषेत, श्रवणयंत्र लावून विचारावेत. नाहीतर आपण भ्रम मोजत नसून बहिरेपणा मोजत असतो.

मात्र पक्षाघाताच्या रुग्णाची प्रत्येक बडबड म्हणजे डेलिरियम नव्हे. डाव्या मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झाली तर रुग्ण अस्खलित पण निरर्थक बोलतो. तो वाचाघात असतो. औषधानंतर अचानक गोंधळ, डोकेदुखी, उलटी किंवा रक्तदाबात उसळी दिसल्यास प्रथम रक्तस्राव समजावा आणि ताबडतोब स्कॅन करावा. अल्टेप्लेज अद्याप सुरू असेल तर ते थांबवावे. झटके दिसत नसतानाही मेंदूत अपस्माराची विद्युत्-वादळे चालू असू शकतात, त्यासाठी ईईजी लागतो. दोन-तीन दिवसांनी हात थरथरून भ्रम सुरू झाला तर मद्य अचानक बंद झाल्याचा विचार करावा. दारूबंदी असलेल्या आमच्या राज्यात हा प्रश्न घरच्यांना विचारताना संकोच वाटतो, तरी विचारावाच. तंबाखू आणि तपकिरीविषयीही विचारावे.

हे वगळल्यावर कारणांची यादी हाती घ्यावी : ताप, छातीतील किंवा लघवीतील जंतुसंसर्ग, सोडियम, साखर, ऑक्सिजन, अडलेली लघवी, बद्धकोष्ठ, वेदना आणि औषधे. शेवटचे कारण प्रथम पाहावे, कारण ते आपणच निर्माण केलेले असते. झोपेच्या गोळ्यांनी हा विकार बहुधा वाढतो. मद्य सुटल्याने आलेला भ्रम हा त्यास अपवाद. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने अतिदक्षता विभागातील डेलिरियमचा काळ कमी होत नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसून आले. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी खरीच भीती असेल आणि दुसरा कोणताही उपाय चालत नसेल, तरच अल्प मात्रेत, थोड्या काळापुरते ते द्यावे. हात बांधल्याने भ्रम शमत नाही. भ्रमात सापडलेल्या माणसाची मगरीबद्दल खात्रीच पटते.

मग उपाय कोणता? तोच, जो फार साधा म्हणून आपल्याला औषध वाटत नाही. १९९९ साली डॉ. इनौये आणि सहकाऱ्यांनी ८५२ वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते पक्षाघाताचे रुग्ण नव्हते, वॉर्डातील सर्वसाधारण आजारी ज्येष्ठ होते. झोप मोडू न देणे, चालविणे-हलविणे, पाणी पाजणे, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणे, वारंवार वेळ-काळ-ठिकाण सांगत राहणे एवढ्यानेच डेलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. पाणी पाजताना पक्षाघाताच्या रुग्णाचे गिळणे आधी तपासावे, एवढी भर मी घालीन.

पाचव्या दिवशी

त्या संध्याकाळी मी डिकीतून पिशवी आणली. चष्मा चढविला, श्रवणयंत्र लावले, कवळी बसविली. आत्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “केवढा वाळलास रे!” रुग्णालयाच्या प्रमुखांनी नियमास मुरड घालून घरचे एक माणूस सतत जवळ बसू दिले. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची खाट मिळाली. रात्री दिवे मंद केले. पत्नी आणि पुण्याहून आलेली आतेबहीण आळीपाळीने बसू लागल्या. ‘आत्या, आज शनिवार, सकाळचे आठ वाजलेत, आपण बडोद्यातच आहोत, हात बरा होतो आहे’ हे त्या न कंटाळता सांगत राहिल्या. मध्ये एक रात्र पुन्हा वाईट गेली. हा विकार सरळ रेषेत उतरत नाही. पाचव्या दिवशी मी उलटे महिने विचारले. तिने फाल्गुनापासून चैत्रापर्यंत एका दमात म्हटले आणि वर मलाच विचारले, “आणि अधिक महिना असला तर तो कुठं घालायचा, डॉक्टर?”

घरी गेल्यावर आठवड्याने तिने विचारले, “त्या रात्री मला कुणी बांधलं होतं रे?” रुग्णांना यातले काही आठवत नाही अशी आपली समजूत असते. पुष्कळांना आठवते, आणि ते लाजेने बोलत नाहीत. मी तिला खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी तुलाच हाका मारत होते. मला वाटलं, तूसुद्धा पुरात अडकलास.” तिने मला क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही. पुढे ती चार वर्षे जगली. हात उत्तम चालला. परंतु घरखर्चाची वही, जी ती तोंडी बेरजा करून लिहीत असे, ती तिला पुन्हा पूर्वीसारखी जमली नाही. वयामुळे, पक्षाघातामुळे की त्या पाच दिवसांमुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. मला मात्र त्या वहीकडे निर्विकारपणे पाहता आले नाही.

समाजातील मंडळींना विनंती

आपला समाज येथे पिढ्यान्पिढ्या स्थिरावला आहे, पण पुढची पिढी आता पुण्या-मुंबईत आणि परदेशात आहे. घरोघरी एकटे ज्येष्ठ आहेत. रुग्णालयात त्यांच्या उशाशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी नसते. मंडळाने अशा दहा-बारा निवृत्त स्त्री-पुरुषांची यादी करावी, ज्यांना दोन-दोन तास जाऊन बसता येईल. त्यांनी उपचार करावयाचे नाहीत. नाव घेऊन हाक मारावी, आज वार कोणता ते सांगावे, हात हातात धरावा. भ्रमात काही दिसत असेल तर वाद घालू नये आणि होकारही भरू नये. ‘इथे मी आहे, तुम्ही सुरक्षित आहात’ एवढे म्हणावे. रुग्णात काल नव्हता असा कोणताही बदल दिसला, मग तो गप्प होण्याचा का असेना, तर परिचारिकेस लगेच सांगावे. माझ्या घरी तो बदल डॉक्टरच्या आधी शिक्षिकेला दिसला होता.

आणि रुग्णालयात दाखल करताना हाती येणारी ती लहानशी पिशवी गाडीत ठेवू नये. ती रुग्णाच्या उशाशी ठेवावी.